देह सुटणे आणि देहातून सुटणे

 

वाशीम हे नगर ताम्रपटांत आणि जुन्या ग्रंथांत वत्सगुल्म या नावाने येते. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सर्वसेन राजाने ती शाखा स्थापिली. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावून दिला आहे. नावाविषयी दोन मते आहेत. वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांवरून हे नाव पडले, असे एक मत. वत्स नावाच्या ऋषीने येथे घोर तप केले, त्या तपाने आकृष्ट होऊन देवतांचा समुदाय त्याच्या सन्निध येऊन राहिला आणि त्या समुदायावरून, म्हणजे गुल्मावरून, वत्सगुल्म हे नाव झाले, असे दुसरे. कोणते खरे, हा निवाडा इतिहासकारांचा. ब्रह्मविद्येच्या अभ्यासकास मात्र दुसरी कथा थांबवून धरते. ऋषीने देह झिजविला, भूक-तहान जिंकली, इंद्रिये आवरली. आणि त्याला मिळाले काय? देवतांचे सान्निध्य. कथा शब्दशः खरी मानली तरी वत्स मुक्त झाला, असे ती कथाही म्हणत नाही. देवता आल्या, येथवरच ती येऊन थांबते.

हीच गोष्ट आजच्या एका प्रश्नाशी येऊन भिडते. अलीकडे तालुक्याच्या गावीही ध्यानाची शिबिरे भरतात. कोणी श्वासाकडे लक्ष द्यावयास शिकवितो, कोणी भ्रूमध्याकडे. आपल्या मार्गातील वासनिकही कुतूहलाने तेथे जातात. काही दिवस बसल्यावर त्यांतील एखाद्यास अनुभव येतो की हात-पाय जाणवेनासे झाले, बसलेली जागा विसरली, काळाचे भान उरले नाही, आणि उठल्यावर मन हलके झाले. मग तो आश्रमात येतो, दंडवत घालतो आणि महंतांस विचारतो, “बाबा, देहाची जाणीव गेली. हीच मुक्ती का?” प्रश्न प्रामाणिक आहे. तो हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. कोणताही अनुभव न आलेल्या परंतु मुक्तीच्या व्याख्या तोंडपाठ असलेल्या माणसापेक्षा हा प्रश्न विचारणारा वासनिक पुष्कळ पुढे आहे.

प्रथम अनुभवाचा विचार. देहाची जाणीव मंदावणे ही गोष्ट दुर्मीळ नाही. गाढ निद्रेत ती रोज मंदावते. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेला मजूर अंथरुणाला पाठ टेकताच देह विसरतो. कमरेचा दुखावा नाही, उद्याची उसनवारी नाही, काही नाही. पहाटे जागा झाला की सारे जेथल्या तेथे असते. निद्रेने त्याची कंबर सोडली, कर्ज सोडले नाही. ध्यानातील विसर निद्रेहून श्रेष्ठ आहे हे मान्य, कारण त्यात जागृती आहे. तथापि विसर म्हणजे सुटका नव्हे, हा नियम दोहोंना सारखाच लागू पडतो. ज्याला विसरलो त्याचा संबंध तुटला, असे होत नाही. सावकाराला विसरलेल्या ऋणकोचे ऋण फिटत नाही.

संबंध कोणता, हे जाणल्याशिवाय तो तुटण्याची भाषा निरर्थक होय. श्रीप्रभूंनी निरूपिलेल्या ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व स्वतंत्र सांगितले आहेत. देह हा प्रपंचातील. जीव तो नव्हे. जीव देहात राहतो, देहाने कर्म करतो, देहाने भोगतो. परंतु देह जीव होत नाही आणि जीव देह होत नाही. असे असता जीव ‘मी काळा, मी गोरा, मी पाटलाचा, मी उपाशी’ असे जे मानतो, ते अन्यथाज्ञान. वस्तू एक आणि जाणणे दुसरे. हे अन्यथाज्ञान काल-परवाचे नाही. त्याच्या मुळाशी जी अविद्या आहे ती अनादि आहे. आरंभ नसलेली गाठ एका बैठकीत सुटेल, ही अपेक्षा भोळी म्हणावी लागेल. आणि ती जीवाने स्वबळाने सोडवावी, हेही ब्रह्मविद्येस मान्य नाही. जीव पात्र होऊ शकतो, आर्त होऊ शकतो, वाट पाहू शकतो. सोडविणारा एक परमेश्वर.

मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळास जाणारी शकुंतला नावाची छोट्या रुळांची गाडी जुन्या माणसांच्या आठवणीत आहे. ती गाडी बंद पडली. रुळांमध्ये गवत वाढले. परंतु गाडी थांबली म्हणून रूळ गेले, असे कोणी म्हणत नाही. ध्यानाच्या घटकेत वासनांची गाडी थांबते, हे खरे. साधकाला शांत वाटते, हेही खरे. पण रूळ तेथेच असतात. बैठक मोडून तो घरी येतो, ताटातील भाजी आळणी निघते आणि गाडी त्याच रुळांवरून शिटी देत निघते. रूळ उखडणे हे निराळे काम आहे. तेव्हा ‘गाडी थांबली काय’ या प्रश्नापेक्षा ‘रुळांचे काय झाले’ हा प्रश्न साधकाने स्वतःस अधिक वेळा विचारावा.

लीळाचरित्रात या प्रश्नाचे उत्तर तत्त्वाच्या भाषेत नव्हे, तर माणसांच्या चरित्रात आलेले आहे. श्रीप्रभूंच्या सन्निधानात अनेकांस ‘स्थिती’ होत असे. स्थिती म्हणजे देहभान हरपविणारी आनंदावस्था. रामदेव दादोस यांस ती लाभली होती. महदाइसा, आबाइसा, उमाइसा ही मंडळी आरंभी दादोसांच्याच पाठीशी होती आणि त्यांच्या द्वारे श्रीप्रभूंकडे आली. हा दादोसांचा उपकार मार्गाने कधी विसरू नये. परंतु ज्याला स्थिती लाभली त्याच्या ठायी गुरुत्वाचा अभिमान राहू शकतो, आपल्या मागे आलेली माणसे दुसऱ्याकडे वळली याचे शल्य राहू शकते, हेही त्याच चरित्रात दिसते. स्थितीत देह विसरला होता. ‘मी’ विसरला नव्हता. उलट ज्या महदाइसेने दर पावली प्रश्न विचारले, चुकली, पुन्हा विचारले, ती हळूहळू ज्ञानाची अधिकारी होत गेली. ज्याला ध्यानात काहीच दिसत नाही, काहीच होत नाही, म्हणून जो खिन्न होतो, त्याने हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. काही न होणे हा दोष नाही.

येथे एक शंका निघते. मग देहातीत होणे असे काही आहे की नाही? की ते सर्व पुढील जन्मांवर सोपवून स्वस्थ बसावयाचे?

आहे, आणि ते याच देहात आरंभावयाचे आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे जैन बंधूंचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध तीर्थ आहे. तेथील मूर्ती भूमीचा आधार न घेता किंचित अधांतरी आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. परमार्गाच्या दैवताविषयी येथे मत द्यावयाचे नाही. दृष्टांत एकदेशी असतो आणि तो तेवढ्याच अंशाने घ्यावयाचा असतो. अंश असा की ती मूर्ती मंदिर सोडून गेलेली नाही. छत फोडून आकाशात गेलेली नाही. ती जागच्या जागी आहे, पाहणाऱ्यास बसलेलीच दिसते. फरक एवढाच की तिच्याखाली एक पुसटशी फट आहे, असे म्हणतात. साधकाचे देहातीत होणे असेच आहे. तो जेवतो, चालतो, आजारी पडतो, म्हातारा होतो. मात्र त्याचे बसणे देहावर टेकलेले नसते. त्याच्या आणि देहाच्या मध्ये एक फट पडलेली असते. ती फट डोळ्यांना दिसत नाही. कोणी अपमान केला, कोणी ताट ओढून घेतले, ताप चढला, म्हणजे ती आहे की नाही हे कळते.

ही फट पडावी कशी? श्रीप्रभूंनी श्वासनिरोध, आसनबंध, नाडीशोधन यांस मोक्षाचे साधन म्हटलेले नाही. त्यांनी स्मरण सांगितले. स्मरण नावाचे, लीळेचे, मूर्तीचे आणि चेष्टांचे. यात एक मर्म आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. इतर अनेक ध्यानपद्धतींत साधक स्वतःकडे पाहतो. आपला श्वास, आपले हृदय, आपला प्रकाश, आपली शांती. देह सुटला तरी ‘आपला’ सुटत नाही. स्मरणात पाहणाऱ्याचे तोंड फिरविलेले असते. श्रीमूर्ती कशी उभी राहिली, मार्गात चालताना मागे वळून कोणाकडे पाहिले, कोणाच्या घरी काय आरोगिले, कोणास काय म्हटले, हे आठविताना स्वतःकडे पाहण्यास सवडच राहात नाही. आई लेकराच्या अंगावर गोधडी घालते त्या क्षणी तिला स्वतःच्या थंडीची आठवण नसते. तिने देहाशी युद्ध केलेले नसते. तिचे लक्ष दुसरीकडे असते, एवढेच. स्मरणाने देह असा विसरावयाचा आहे. विसरावयाचा म्हणून विसरावयाचा नाही.

या स्मरणाचे सामर्थ्य पाहावयाचे असल्यास मराठी गद्याच्या आद्य ग्रंथाकडे पाहावे. श्रीप्रभू उत्तरापंथे गेले. मार्गाचे छत्र श्रीगोविंदप्रभूंच्या रूपाने रिद्धपुरी होते, तेही पुढे अंतरले. भटोबासांस, म्हणजे आचार्य नागदेवांस, विरहाचे दुःख अनावर झाले. ते एकांती बसून काय करीत होते? श्रीप्रभूंच्या लीळा आठवीत होते. म्हाइंभटांनी ते पाहिले, विचारले, आणि हे स्मरण एका माणसाच्या अंतःकरणात राहून जाऊ नये म्हणून लिहिण्याचे मनावर घेतले. मग ज्यांनी ज्यांनी श्रीप्रभूंस पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून, तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी भाषेचे अभ्यासक या ग्रंथाचा गौरव करतात तो भाषेसाठी, इतिहासासाठी, समाजचित्रासाठी. ते सर्व यथार्थ आहे. परंतु तो ग्रंथ मुळात एका विरहिणीसारख्या झुरणाऱ्या आचार्याचे ध्यान आहे, हे विसरता कामा नये. पुढे धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा जुळविल्या. हिराइसेचा पाठ त्यांपैकी एक. पोथीचा देह गेला, स्मरण राहिले.

रिसोड तालुक्याच्या पश्चिमेस लोणार आणि मेहकर लागूनच आहेत. या दोन्ही ठिकाणी श्रीप्रभूंचे वास्तव्य घडले. लोणारास यादव राजा कान्हरदेव भेटीस आला, मेहकरास बोणेबाईंचा प्रसंग झाला. वाशीम परिसरातील भक्त स्थानवंदनास तेथे सहज जाऊ शकतात. ओट्याला डोके टेकवून लगेच पुढच्या गाडीची घाई करणे मात्र स्मरणास उपकारक नाही. तेथे बसावे. त्या स्थानाची लीळा आधी वाचून जावी. कोण कोठे उभा होता, कोणत्या दिशेने आला, काय बोलणे झाले, हे मनात उभे करावे. एक लीळा पुरते. दहा स्थाने उरकण्यापेक्षा एका स्थानी पोहोचणे बरे.

घरी बसणाऱ्या वासनिकाने पहाटेचा समय धरावा. गाठी हातात असावी, परंतु मोजणीवर भर नसावा. नामाने आरंभ करावा, मन जरा थारी लागले की एखादी लीळा घ्यावी. मन पळाले, तर नामावर परत यावे. ते पळणारच. वासराला दाव्याशी ओढून मारले तर ते दावे तोडते. गाय जवळ बांधली की आपोआप उभे राहते. मनाला श्रीमूर्तीची गोडी लागेपर्यंत नामाचे दावे, गोडी लागल्यावर दाव्याची आठवण कोणास राहते? पाय दुखले तर पाय बदलावा. दुखणारा पाय हा वैराग्याचा पुरावा नव्हे.

आणि स्मरण बैठकीपुरते राहिले तर फट पडत नाही. म्हणून भिक्षुकाच्या आचारात अटन, विजन, भिक्षा यांची योजना आहे. भिक्षेचा विचार करावा. देह मारावयाचा असता तर अन्नच वर्ज्य सांगितले असते. तसे सांगितले नाही. देह पोसावयाचाच असता तर आश्रमात पाकशाळा मांडून रुचीचे अन्न घेण्यास हरकत नव्हती. तसेही सांगितले नाही. भिक्षुकाने चार घरी जावे आणि जे झोळीत पडेल ते घ्यावे. एका घरची ज्वारीची भाकर, दुसऱ्या घरचे पिठले, तिसऱ्या घरचा शिळा भात. देहाला अन्न मिळाले, पण निवड मिळाली नाही. भूक शमली, जिव्हेचा हुकूम मात्र मानला गेला नाही. देह राहिला आणि देहाची सत्ता गेली. ध्यानाच्या आसनावर जे क्षणभर साधते ते भिक्षेच्या झोळीत रोज साधते. गृहस्थासही याचा अंश आचरता येतो. वाढलेल्या ताटास नावे न ठेवणे हे वाशिमात काय आणि वाराणसीत काय, लहान तप नाही.

येथवर देहातून सुटण्याचा विचार झाला. आता एका अवघड गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. ती टाळणे हे या जिल्ह्यातील भक्तांशी प्रतारणा होईल.

२००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी तेव्हा सारा देश हादरला होता. त्या सहा जिल्ह्यांत वाशीम एक होता. कोरडवाहू शेती, एका पावसावर सारे अवलंबून, कापूस वा सोयाबीन घरात येईपर्यंत भाव पडलेला, बियाण्याचे आणि खताचे देणे उभे. यातून माणूस खचतो. साहाय्याचे पैसे आले आणि संपले. ते दुःख या भूमीतून पूर्णपणे गेलेले नाही. ज्या घरी असे घडले आहे त्या घरच्या मायबहिणी आपल्याच सभामंडपात शेवटच्या रांगेत बसलेल्या असतात.

अशा सभेत एखादा वक्ता आवेशाने उभा राहतो आणि देह म्हणजे मलमूत्राची थैली, देह म्हणजे कारागृह, देह टाकल्याशिवाय सुख नाही, असे वर्णन करतो. टाळ्याही मिळतात. त्याच्या समोर जो गळ्यापर्यंत बुडालेला बसला आहे, तो या शब्दांतून काय घेऊन घरी जातो, याचा विचार वक्त्याने केलेला नसतो. वैराग्याचे शब्द वैराग्यवानाच्या कानी अमृत आणि निराश माणसाच्या कानी विष होऊ शकतात. ब्रह्मविद्या देहाला जीवाहून भिन्न म्हणते. देहाला शत्रू म्हणत नाही. भिन्न असणे आणि वैरी असणे यांत मोठे अंतर आहे.

कोणी विचारील, श्रीचक्रपाणी प्रभूंनी द्वारावतीस कामाख्येच्या निमित्ताने देह ठेविला आणि भडोच येथे प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या गतप्राण देहाचा स्वीकार केला. देह ठेवणे मग अनुचित कसे? या शंकेचे समाधान नीट समजून घ्यावे. परमेश्वर देहाने बांधलेला नाही. तो देह स्वीकारतो आणि ठेवतो, ते स्वेच्छेने, आणि जीवांच्या उद्धरणासाठी. त्या लीळेतही पाहावे की एक देह ठेवून श्रीप्रभू जीवांपासून दूर गेले नाहीत. स्मशानात नेलेल्या देहात उठून बसले, पुन्हा घरी गेले, आणि पुढे त्याच देहाने रामटेकाच्या निमित्ताने निघून रिद्धपुरास पोहोचले. साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले आणि मग गावोगाव फिरले. महदाइसेला, भटोबासांना, म्हाइंभटांना, भंडाऱ्याच्या निळभटांना जो देह दिसला, ज्याची चेष्टा आपण आजही आठवितो, तो हाच. जीवाची गोष्ट अगदी निराळी. जीवाने देह टाकला तर कर्म टाकले जात नाही, अन्यथाज्ञान टाकले जात नाही. ज्या देहात परमेश्वराची आर्ती उपजू शकते तो मनुष्यदेह मात्र हातचा जातो. नदी उतरण्यासाठी बसलेल्याने मध्यावर नाव बुडविली तर पैलतीर जवळ येत नाही.

देह तुच्छच असता तर श्रीप्रभूंनी सशाचे रक्षण केले नसते. पारध्यांची कुत्री मागे लागली, ससा जीव घेऊन पळाला आणि झाडाखाली बसलेल्या श्रीप्रभूंच्या आश्रयास आला. त्या वेळी श्रीप्रभूंनी सशाला देहाच्या नश्वरतेचे निरूपण केले नाही. त्यास आपल्याजवळ राहू दिले. पारधी आले, त्यांनी मागणी केली, आणि श्रीप्रभूंनी शरण आलेल्यास त्यांच्या स्वाधीन केले नाही. पारध्यांचेही मन पालटले. त्या सशाला ब्रह्मविद्या कळणार नव्हती. तरी त्याचा देह वाचविण्याजोगा होता. आणि रिद्धपुरी मातंगांनी पाण्यावाचून हाल होतात म्हणून विनविले तेव्हा श्रीगोविंदप्रभूंनी विहिरीची जागा दाखविली. तहान देहाचीच होती. तीही परमेश्वराने ऐकली.

जे गेले त्यांच्याविषयी कठोर बोलण्याचा अधिकार कोणासही नाही. कोणाच्या कर्माचे माप भिक्षुकाच्या झोळीत दिलेले नाही. परमेश्वर कृपाळू आहे, आणि माणसाने किती सोसले हे तोच जाणतो. त्यांच्या घरच्यांना ‘पाप घडले’ असे सुनावणारा स्वतः हिंसा करीत असतो, मग त्याच्या हातून मुंगीही मरत नसो. परंतु जे आज आहेत, ज्यांच्या मनात हा विचार रात्री येऊन बसतो, त्यांच्यासाठी मार्गाने काही करावयाचे आहे.

भिक्षुकाएवढा घरोघर जाणारा दुसरा कोण आहे? तलाठी वर्षातून केव्हातरी येतो, बँकेचा माणूस वसुलीला येतो. भिक्षुक रोज उंबऱ्यापाशी उभा राहतो. कोणत्या घरी चूल उशिरा पेटली, कोणता माणूस ओसरीवर बोलेनासा झाला, कोणी पेरणीच्या दिवसांतही धुऱ्यावर नुसता बसून राहतो, हे त्याच्या दृष्टीस पडते. पडले पाहिजे. अशा माणसाला त्या दिवशी ध्यान शिकवू नये, वैराग्यही सांगू नये. त्याच्याजवळ बसावे. ‘मनात जीव द्यावयाचा विचार येतो का’ असे सरळ विचारण्यास भिऊ नये. विचारल्याने तो विचार उपजत नाही, उलट ओझे उतरावयास जागा मिळते. त्याच्या भावास, मित्रास, घरच्या शहाण्या माणसास सांगावे, त्यास एकटे राहू देऊ नये, दवाखान्यात नेण्यास सोबत जावे. शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून चालू झाली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तो आश्रमाच्या सूचनाफलकावर लिहून ठेवण्यास कोणताही आचार आडवा येत नाही. औषध घेणे हे श्रद्धेतील न्यून नव्हे. खचलेल्या मनालाही, पाय मोडलेल्या माणसाप्रमाणे, आधी खपच्या लागतात आणि मग चालणे येते.

मन सावरू लागले म्हणजे स्मरणाचा उपयोग सुरू होतो, आणि तो मोठा आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला रात्री जे ग्रासते ते आकड्यांपेक्षा ‘मी’ हे असते. माझी पत गेली, माझे तोंड दाखविण्याजोगे राहिले नाही, मी नालायक. हा ‘मी’ पत, जमीन, सातबारा आणि देह यांवर टेकलेला असतो. स्मरणाने जी फट पडते ती नेमकी येथे पडते. भाव पडला तो सोयाबीनचा, जीवाचा नव्हे; हे वाक्य दुसऱ्याने ऐकविले तर थट्टा वाटते, पण पहाटेच्या स्मरणातून ते स्वतःच्या आत उमटले तर माणूस उठून बैल सोडतो, बँकेत जाऊन मुदत मागतो, बायकोशी खरे बोलतो. देहातीत माणसाची खूण डोळे मिटून बसण्यात शोधण्यापेक्षा अशा ठिकाणी शोधावी. ज्याला देहाचे भय उरले नाही त्याला जगण्याचेही भय उरत नाही.

आणखी एक शंका राहते. ती वृद्धांची व रुग्णांची आहे. अंथरुणास खिळलेला, विस्मरण झालेला, स्वतःच्या लेकीस न ओळखणारा वृद्ध वासनिक स्मरण कसे करणार? आयुष्यभर केलेले स्मरण शेवटी हरवले तर ते वाया गेले काय?

वाया गेले नाही. स्मरण करणाऱ्याचे विस्मरण झाले तरी ज्याचे स्मरण केले त्याला विस्मरण नाही. आणि स्मरण ही एकट्याची मालमत्ताही नाही. भटोबासांचे स्मरण म्हाइंभटांच्या लेखणीने आपल्यापर्यंत आले, हिराइसेच्या स्मरणाने पोथी पुन्हा उभी राहिली. तेव्हा अशा वृद्धाच्या उशाशी घरच्या कोणीतरी सायंकाळी बसावे. दिवा लावावा. त्यांस ऐकू येईल इतक्या आवाजात, घाई न करता, एक लीळा वाचावी. मेहकराची असो, लोणाराची असो, सशाची असो. मधेच त्यांनी पाणी मागितले तर पोथी बाजूस ठेवून आधी पाणी पाजावे, अंगावरचे पांघरूण नीट करावे, आणि मग जेथे थांबले तेथून पुढे वाचावे.